‘गोष्टी सांगू नकोस’ : एका शिक्क्याची कैफियत

मी तुम्हाला आवडावे अशी माझी अपेक्षा नाही, मित्रांनो. मी एक जुना रबरी शिक्का आहे, आणि गेल्या सतरा वर्षांत मला पाहून एकाही मुलाचा चेहरा खुललेला नाही. माझी उंची बोटभर. मूठ लाकडी, तळाला रबराची पट्टी, पट्टीवर उलटी अक्षरे. मी कागदावर पडलो की ती सुलटी होतात : गोष्टी सांगू नकोस.

आमच्या बेटावर, ग्रेनाडात, ‘गोष्ट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कथा, दुसरा थाप. आन्स मार्तें या किनाऱ्यावरच्या गावातल्या माध्यमिक शाळेत मी दोन्ही अर्थांनी मुलांच्या अंगावर धावून गेलो आहे. ज्याने नुसती कथा सांगितली त्याच्यावर, आणि ज्याने थाप मारली असे वाटले त्याच्यावरही.

माझा जन्म सेंट जॉर्जेसचा. बंदराजवळ मिस्टर बोला यांचे शिक्के करण्याचे दुकान होते. एका सोमवारी मिस ऑडलिन मोदेस्त नावाची तरुण शिक्षिका तिथे आली. नोकरीला लागून तिला एकच वर्ष झाले होते. तिने चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीत दोन वाक्ये होती : ‘गोष्टी सांगू नकोस. कवितेतले शब्द दाखव.’

मिस्टर बोला चष्म्यावरून बघत म्हणाले, “मिस, एवढं मावायचं नाही. मावेल असं केलं तर तो शिक्का राहणार नाही, दाराची पाटी होईल.”

“मग काय करू?”

“एक वाक्य ठेवा. पहिलं ठेवा. दम दिलेला माणसाला लगेच कळतो. दुसरं तुम्ही हातानं लिहा.”

मिसने मान डोलावली. अशा रीतीने मी अर्धाच जन्मलो. काय करू नये एवढेच मला सांगता येते.

पहिली वर्षे चांगली गेली. मिस शेवटच्या वर्षाच्या मुलांना रसग्रहणाचा निबंध शिकवत असे. प्रश्न साधारण असा असतो : या कवितेतली बाई सुखी आहे का? कवितेच्या आधारे लिहा. मुले लिहितात : बाई सकाळी उठते. मग ती चूल पेटवते. मग तिचा मुलगा येतो. मग ती रडते. दोन पाने भरतात आणि शेवटी एक ओळ येते : म्हणून ती सुखी नाही. आता कविता तपासणाऱ्याने वाचलेली असतेच. तीच त्याला पुन्हा सांगून काय मिळणार? आपले म्हणणे मांडा, ते कवितेतल्या कोणत्या शब्दांवरून म्हणता ते दाखवा, आणि त्या शब्दांतून ते कसे निघते ते सांगा. रसग्रहण म्हणतात ते एवढेच. पण सोळाव्या वर्षी एवढेच फार जड जाते.

त्या दिवसांत मी वहीच्या समासात पडलो की मिस माझ्याखाली लाल शाईने लिहीत असे. “पाचव्या ओळीत ‘पुन्हा’ हा शब्द आहे. ती आधी कधी रडली होती?” मुले कुरकुरत, पण पाचव्या ओळीकडे परत जात. त्या वर्षी चोवीस मुलांपैकी एकोणीस उत्तीर्ण झाली. आदल्या वर्षी नऊ झाली होती. मुख्याध्यापक मिस्टर आंत्वान यांनी मला सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी हातात उंच धरले आणि म्हणाले, “एवढासा रबराचा तुकडा! पण काम बघा.” आयुष्यात माझे जाहीर कौतुक झाले ते तेवढेच.

त्यानंतर मिसकडे आणखी दोन वर्ग आले, मग शाळेचे वाचनालय आले, मग आईचे आजारपण. माझ्याखालची लाल शाई कमी होत गेली. दोन ओळींची एक झाली. ओळीचा बाण झाला. एक दिवस बाणही गेला आणि मी एकटा उरलो. मुलांनी माझे नाव ठेवले ‘चापट’. वह्या परत मिळाल्या की वर्गात एकच आरडाओरडा असे : “तुला किती चापटा? मला तीन!” मी पाव तासात चाळीस वह्यांवर पडत असे, तेही नेहमी पहिल्या पानावर. पुढची पाने मी कधी पाहिली नाहीत. खोटे कशाला बोलू, मला त्यात मजा येत होती.

शिकवायला वेळ उरला नाही तेव्हा मिसने टिपणे वाटायला सुरुवात केली. प्रत्येक कवितेचे एक पान. डावीकडे ओळ, उजवीकडे अर्थ, पुढे कंसात गुण. मुलांनी ते पाठ करायचे. आता जो पाठ केलेले उतरवी त्याला गुण मिळत, आणि जो स्वतःच्या डोळ्यांनी बघून काही लिही, त्याच्यावर मी पडे. हे उलटे झाले होते. ते मलाही कळले नाही आणि मिसलाही. उत्तीर्णांचा आकडा मात्र चांगला राहिला, म्हणून कुणी विचारले नाही.

आता ज्या आठवड्यासाठी मी हे सगळे सांगतो आहे त्याकडे येतो.

अभ्यासक्रमात आमच्याच बेटांवरची एक चौदा ओळींची कविता होती. एक कोळी होडी घेऊन निघतो आणि मागे वळून बघत नाही. त्याची बायको हिरांचा खराटा घेते आणि उंबऱ्यापासून समुद्राकडे वाट झाडते. पुढे दिवस उजाडतो, ती कोंबड्या सोडते, आणि शेवटी त्याचा कप पालथा घालते. मिसच्या टिपणात लिहिले होते : ‘ओळ ३ व ४. झाडणे : बाईचा नीटनेटकेपणा, कष्टाळूपणा व पतीवरील प्रेम. (३ गुण)’ सहा वर्षे मुले हे तीन गुण घेत आली होती.

फेब्रुवारीतल्या सराव परीक्षेत हीच कविता आली. वीसपैकी दहा गुण मिळाले तरच शाळा मुलाचे नाव मंडळाच्या परीक्षेला पाठवणार, असा नियम होता. सव्वीस मुले बसली. एकवीस उत्तीर्ण झाली. पाच राहिली, आणि त्या पाचांत केझाया कफी होती. तिला सहा गुण मिळाले. केझाया मासळी विकणाऱ्या मर्लिन कफीची थोरली मुलगी. तिला शहरातल्या कॉलेजात जायचे होते, त्यासाठी पाच विषय लागत, आणि तिचा पाचवा विषय साहित्य होता. साहित्य गेले की कॉलेज गेले आणि आईच्या मासळीच्या पाटीशेजारी दुसरी पाटी आली. हे तिला ठाऊक होते, वर्गाला ठाऊक होते, मिसलाही ठाऊक होते.

मंगळवारी पेपर परत मिळाले. केझायाच्या पहिल्या पानावर मी तीनदा पडलो होतो. ती पेपर घेऊन सरळ टेबलापाशी आली.

“मिस, हे तीन शिक्के कशाबद्दल?”

“वाचता येतं ना? गोष्ट सांगितलीस त्याबद्दल.”

“कुठली गोष्ट?”

मिस थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाला चारचौघांत जाब विचारलेला सोसत नाही. तिने केझायाच्या हातून पेपर ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला : “‘माझे वडील त्रिनिदादला निघाले तेव्हा आईने त्यांच्या मागे धक्क्यापर्यंतची वाट झाडली. ते परत आले नाहीत. या बाईलाही तेच हवे आहे.’ ही गोष्ट.”

मागच्या बाकावर ज्युनिअर लेट बसला होता. आडनावाला जागून तो रोज उशिरा येई, पण असल्या वेळी नेमका हजर असे. तो म्हणाला, “आयला, बापाला केरात काढलं की रे हिच्या आईनं!”

वर्ग फुटला. मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. केझायाने मागे वळून पाहिले नाही.

“शांत!” मिसने मला टेबलावर आपटले. “केझाया, प्रश्न कवितेवर होता. तुझ्या आईवर नव्हता.”

“पण माणूस परत यायला हवा असेल तर तो दाराबाहेर पडल्याबरोबर त्याच्या पावलांवर झाडू फिरवतं का कुणी आपल्याकडे? तुम्ही फिरवता?”

“मी काय करते ते परीक्षेत येत नाही.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत आहे!”

“आन्स मार्तेंत शेंबड्या पोरालाही माहीत आहे,” मिसचा आवाज चढला. “पण तुझा पेपर इथे तपासत नाहीत. तो दुसऱ्या बेटावर जातो. तिथला माणूस तुझ्या आईला ओळखत नाही आणि तिच्या झाडूलाही ओळखत नाही. तू सांगशील आणि तो मान डोलावेल? त्याच्या लेखी ही थाप. बस खाली.”

केझाया बसली नाही. तिने टेबलावरचे टिपणाचे पान उचलले.

“मग हे? ‘झाडणे म्हणजे पतीवरील प्रेम.’ कुठल्या ओळीत आहे हे?”

“ते टिपण आहे.”

“कवितेत आहे का?”

“केझाया, बस म्हणते ना.”

“नाहीये. मग तुम्ही पण गोष्टीच सांगताय, मिस.”

आणि तिने मला उचलले. सतरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हात लावला नव्हता. तिने मला शाईच्या गादीवर दाबले, मग त्या टिपणावर, नेमके तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या अर्थावर. मिसच्या स्वतःच्या अक्षरांवर माझी अक्षरे उमटली : गोष्टी सांगू नकोस.

“शब्द दाखवा, मिस,” केझाया म्हणाली.



मिसने तिला मुख्याध्यापकांकडे पाठवले. मिस्टर आंत्वान यांनी सांगितले की नाव तसेही यादीत नाही, आता आठ दिवस घरी बसवा आणि विषय संपवा. मिस म्हणाली, “गुण मी दिलेत. काय करायचं ते मी ठरवीन.” आणि ते टिपण तिने माझ्याजवळ खणात टाकले. त्या दुपारी तिने खण तीनदा उघडला. दरवेळी ते पान बाहेर काढले, त्याच्या शेजारी कविता ठेवली, वाचली, आणि पान परत आत भिरकावले. तिसऱ्या वेळी खण इतक्या जोरात लावला की माझी मूठ पाठीमागच्या फळीवर आदळून तिचा कपचा उडाला. तो घाव अजून आहे.

गुरुवारी सकाळी मर्लिन कफी शाळेत आली. बाजार अर्धवट सोडून आली होती. मनगटावर मासळीची खवले चिकटलेली होती आणि ती पुसायची तिला गरज वाटली नव्हती. तिच्यामागे केझाया. मिसने खुर्ची पुढे केली. मर्लिन बसली नाही.

“मिस मोदेस्त, पोरीनं तुमच्या टेबलावरची वस्तू उचलली. त्याची काय ती शिक्षा तिला द्या, मी आडवी येणार नाही. पण माझा झाडू वर्गात कुणी काढला?”

“तुमच्या मुलीनं. तिनं लिहिलं.”

“लिहिलं तिनं. वाचलं कुणी?”

मिसने पुढे केलेली खुर्ची परत मागे ओढली.

“काल एक बाई मासे घ्यायला आली. मला म्हणते, मर्लिन, आज झाडू पण आहेत का विकायला? सगळा बाजार हसला. बारा वर्षं तोंड मिटून काढली मी. तुम्ही एका तासात उघडं केलंत.”

“माझी चूक झाली,” मिस म्हणाली. पण ती अशा सुरात म्हणाली की ती माफी वाटली नाही, पावती वाटली. मर्लिननेही ती तशीच घेतली आणि मोर्चा लेकीकडे वळवला.

“आणि तू गं? घरातलं चव्हाट्यावर मांडायला शाळेत जातेस?”

“मी खरं तेच लिहिलं, मा.”

“खरं मलाही पुष्कळ माहीत आहे. मी बोलते का? तुझा बाप गेला तेव्हा मी का झाडलं ते तुला कुणी सांगितलं? तू पाच वर्षांची होतीस. तुला काय कळलं?”

“सगळ्यांना कळतं त्याचा अर्थ.”

“सगळ्यांना नसतं कळत. झाडणारीला कळतं.” मर्लिनने बोट उगारले. “पुन्हा माझं नाव कागदावर आलं, तर साहित्य राहिलं बाजूला, शाळाच बंद. समजलं?”

केझायाच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते रागाचे होते. घरून आईने तोंड बंद केले होते आणि शाळेतून मिसने. तिच्याकडे जे सांगण्यासारखे होते, त्यावर दोघींनी कुलूप घातले होते.

तेव्हा मिस म्हणाली, “आईचं नाव येणार नाही. उद्या दुपारी दोन वाजता, इथेच. कविता आणि कोरे कागद. एक तास. त्या चौदा ओळींच्या बाहेरचा एक शब्दही मी धरणार नाही. दहा गुण मिळाले तर नाव जाईल. नाही मिळाले तर नाही. माझ्याकडून काही मदत मिळायची नाही.”

“मागितली कुणी?” केझाया म्हणाली.

मर्लिनने लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि दोघी गेल्या.

शुक्रवारी केझाया दोनला पाच मिनिटे कमी असताना आली. मिस समोर बसली. मी दोघींच्या मध्ये टेबलावर, शाईच्या गादीशेजारी तयार होतो. पहिली वीस मिनिटे केझायाने एक अक्षर लिहिले नाही. ती कविता वाचत होती, बोट ठेवून, लहान मुले वाचतात तशी. बोट खाली जाई, थांबे, वर येई. एकदा ते तिसऱ्या ओळीवरून सातव्या ओळीवर गेले, परत तिसऱ्यावर आले, आणि तिथेच राहिले. मग तिने पेन उचलले आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

तीन वाजता मिसने कागद घेतले. सवयीने तिचा हात माझ्याकडे आला. तिने मला उचललेही. पण पहिल्या पानावर मला पडायला जागा सापडेना. पहिले वाक्य होते : ‘तिसऱ्या ओळीत बाई झाडते आणि सातव्या ओळीत उजेड येतो.’ यात गोष्ट कुठे होती? मिसने मला हातात तसेच धरून पुढे वाचले. तिने जे वाचले ते मी तुम्हाला सांगतो, कारण दुसरे पान मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

‘म्हणजे ती अंधारात झाडते. अंधारात कचरा दिसत नाही. ती कचऱ्यासाठी झाडत असती तर उजेडाची वाट पाहिली असती. दहाव्या ओळीत कवी म्हणतो की नीरफणसाची पाने अंगणात पडली आहेत. याचा अर्थ झाडून झाल्यावरही अंगण घाणच आहे. तिने अंगण झाडलेलेच नाही. चौथ्या ओळीत “एका खराट्याएवढी वाट” असे शब्द आहेत, आणि ती वाट उंबऱ्यापासून “त्याच्या शेवटच्या ठशापर्यंत” जाते. तिथे ती थांबते. तिने फक्त त्याची पावले झाडली. जिला घर स्वच्छ करायचे आहे ती पाने सोडून पावले झाडत नाही.’

मिसने दुसरे पान संपवले, तिसरे संपवले. मग कागद टेबलावर ठेवले आणि विचारले, “मग तिला तो परत यायला नकोय?”

“असं मी लिहिलेलं नाही.”

“मंगळवारी लिहिलं होतंस.”

“मंगळवारी मला माहीत होतं. आज शोधलं, तर तेवढं सापडलं नाही.” केझाया टेबलाकडे बघत बोलत होती. “ती साफसफाई नाही, एवढं सिद्ध होतं. त्याची खूण पुसायची आहे, एवढं होतं. ती रागानं पुसते की तिला बघवत नाही म्हणून पुसते, ते कवितेत नाही.”

“शेवटी कप पालथा घालते ती.”

“कप धुऊनही पालथाच घालतात, मिस. धुतला की नाही ते लिहिलेलं नाही.”

मिसने तिसरे पान पुन्हा उचलून पाहिले. नंतर म्हणाली, “मला अजूनही वाटतं की त्यात प्रेम आहे. पाऊल बघवत नाही म्हणून पुसणं हे प्रेमच.”

“मग तसं टिपणात लिहायचं होतं. ‘नीटनेटकेपणा’ कशाला लिहिलंत?”

“उद्धटपणाला गुण नसतात.”

“कापायचेही नसतात.”

मिसने लाल पेनाचे टोपण काढले. वीसपैकी चौदा. त्याखाली तिने एक ओळ लिहिली : ‘शेवटचा परिच्छेद घाईत. मला पटलेले नाही, पुरावा आहे.’ मग खणातून टंकलिखित यादी काढली. तिच्यावर एकवीस नावे होती. बाविसावे तिने हाताने लिहिले. केझायाने ते उलट्या बाजूने वाचले, दप्तर उचलले आणि निघाली. आभार मानले नाहीत. मिसनेही ‘जा’ म्हटले नाही.

सोमवारी वर्गात मिस म्हणाली, “खराट्याच्या कवितेचं टिपण काढा. तिसरी आणि चौथी ओळ. समोरचा अर्थ खोडा.”

कागदांची सळसळ झाली. मग कुणीतरी विचारले, “त्याच्या जागी काय लिहायचं, मिस?”

“काही नाही.”

ज्युनिअर लेट उभा राहिला. “मिस, मी हे तीन आठवडे पाठ केलंय!”

“मग तीन आठवडे वाया गेले.”

“केझायाचं उत्तर आहे ना? ते सांगा. तेच पाठ करतो.”

“तिचं उत्तर तुझ्या पेपरात दिसलं तर शून्य देईन. कविता काढ. बाई उजेडाआधी काय काय करते ते बघ.”

त्या दिवशी वर्ग मिसवर चिडला आणि मिसवर चिडता येत नाही म्हणून केझायावर चिडला. तास संपल्यावर ज्युनिअर तिच्या बाकापाशी गेला. “झालं समाधान? तुझ्यामुळे आता आम्ही सगळे नापास.”

“तुला नापास व्हायला माझी मदत कधीपासून लागायला लागली?” केझाया म्हणाली.

आठवड्याभराने ज्युनिअरने निबंध दिला. पहिल्या पानावर गोष्ट होती, चांगली लांबलचक. मी पडलो. पण माझ्याखाली लाल शाई आली, कित्येक वर्षांनी : “कोंबड्या केव्हा सोडल्या? झाडण्याआधी की नंतर? त्याने काय फरक पडतो?” ज्युनिअरने मला शिवी दिली. मग त्याने पुस्तक उघडले.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. केझायाला साहित्यात दुसरी श्रेणी मिळाली आणि पाच विषय पुरे झाले. कॉलेजसाठी दाखला न्यायला ती आली होती. कार्यालयातून दाखला घेतला आणि आमच्या खोलीवरून सरळ पुढे गेली. मिसने तिला खिडकीतून पाहिले, हाक मारली नाही, आणि पुढची वही ओढली. मला वाटते दोघींनाही तेवढेच पुरेसे होते. एकमेकींना आवडल्याशिवायही माणसे एकमेकांना शिकवू शकतात, हे मी त्या वर्षी पाहिले.

मित्रांनो, माझ्याबद्दल कणव नको. मी त्या कामाचा नाही. पण तुमच्यातल्या कुणाच्या हाती पुढे असला शिक्का आला, तर त्याची थोडी निगा राखा. वाळलेली शाई अक्षरांच्या खाचांत बसते आणि मग आमचे शब्द जाऊन नुसता डाग पडतो. ओल्या फडक्याने पुसत जा. गादी कोरडी पडू देऊ नका. आणि समोरचे पान शेवटपर्यंत वाचल्याखेरीज आम्हाला उचलू नका. कुठे पडायचे ते आम्ही ठरवत नाही. हात जिथे नेतो तिथे आम्ही पडतो, आणि पडल्यावर उठून चूक दुरुस्त करता येत नाही.

ज्यांच्या वहीवर मी पडतो त्यांनाही एक सांगायचे आहे. समासात मी एकटाच दिसलो, खाली दुसरे काही लिहिलेले नसले, तर वाचणारा दमला होता असे समजा. घरी जाऊन रडू नका. वही घ्या, त्याच्या टेबलापाशी जा, आणि तो वैतागून पेन उचलेपर्यंत तिथून हलू नका.